कुंभार्ली घाटातला काळोख

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला कोणी सल्ला दिला नाही, असा दिवस उगवत नाही. आमच्या आळीतले निवृत्त पोस्टमास्तर, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सौभाग्यवतींचे मधले बंधू, या सर्वांचे आमच्या प्रीमियर पद्मिनीविषयी एकमत होते. गाडी विकावी. मतभेद असलाच तर तो विकावी की मोडीत काढावी, एवढ्यापुरताच होता.

गाडी १९७८ सालची. वडिलांनी नंबर लावला आणि गाडी दारात यायला इतकी वर्षे गेली, की मधल्या काळात मी शाळेत जाऊ लागलो होतो. त्या काळी हे सर्वांचेच होई. मूळचा डायनामो पुढे गेला, तेव्हा त्या जागी वडिलांनीच अल्टरनेटर बसवून घेतला. बाकी गाडी होती तशी आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि आमची मुदत २०२३ मध्ये संपणार होती. तेवढ्यात २०२२ च्या सुरुवातीपासून तिला एक विचित्र आजार जडला. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी साफ उतरे. आणि कधी कधी चार-चार आठवडे काहीच होत नसे. चालता चालता मध्येच दिवे मंद होत, पुन्हा आपोआप उजळत. किल्ली फिरवली की एखादे वेळी नुसते ‘टक्’ वाजे. चिडून बॉनेट आपटले की पुढच्या खेपेला गाडी मुकाट्याने सुरू. पुण्यातल्या एका गॅरेजने वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या घातल्या, अल्टरनेटर उघडून बंद केला आणि प्रत्येक वेळी ‘आता बघायला नको’ असे सांगितले. गॅरेजात नेली की गाडी गुणी मुलासारखी वागे. डॉक्टरांच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या रोग्यातला तो प्रकार!

अखेर मी हरलो. एका गृहस्थांशी विक्रीचे बोलणे झाले. आईला सांगितले, तेव्हा ती निवडत असलेल्या मेथीकडेच बघत राहिली. एकोणऐंशी वर्षांची आई कधी कशाला नाही म्हणत नाही. पण तिच्या गप्प बसण्याचे प्रकार आम्हाला ओळखता येतात. दोन दिवसांनी ती एवढेच म्हणाली, “द्यायची तर द्या. पण एकदा तिच्यातूनच गुहागरला जाऊन येऊ. व्याडेश्वराला शेवटचा नारळ त्यांच्या गाडीतून गेलेला बरा.”

यावर कोण काय बोलणार? त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेल्यावर, नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही चौघे निघालो. आई, सौ., कॉलेजात जाणारी कन्या आणि मी. पाचवी आमची गाडी, आणि तिचा भरवसा सर्वांत कमी.

खंबाटकीचा घाट तिने सुरेख चढला. उंब्रजला महामार्ग सोडून आम्ही पाटणच्या रस्त्याला लागलो आणि मल्हारपेठेपासून कोयनेची सोबत सुरू झाली. कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते, हे भूगोलात सर्वांनी पाठ केलेले असते; पण त्या खोऱ्यात भातकापणीनंतर जावे. खळ्यांवर झोडणी चाललेली, रस्त्याच्या कडेला पेंढ्यांच्या गंजी, हवेत त्या ओलसर पेंढ्याचा गोडसर वास, आणि वर वनकुसवड्याच्या पठाराच्या बाजूला पवनचक्क्यांची पांढरी पाती संथपणे फिरताहेत. पाटणला चहा घेतला. परतून किल्ली फिरवली. टक्! मी खाली उतरलो, बॉनेट उघडले, आत काही कळत नसताना कळल्यासारखा चेहरा केला आणि बॉनेट आपटले. गाडी सुरू झाली. चहावाल्याने कौतुकाने मान डोलावली. मला मात्र तेव्हाच परत फिरावेसे वाटत होते.

कोयनानगरला आईला धरण बघायचे होते. ते धरण बघताना तिला नेहमी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. साडेचारच्या सुमारास धरणी हलली, तेव्हा थेट पुण्यात फळीवरचे डबे वाजले होते आणि ती नेसत्या वस्त्रानिशी अंगणात आली होती. इथे कोयनानगरात मात्र घरेच्या घरे झोपली. पावणेदोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. आज तिथे बागेत शाळेच्या सहली डबे खातात. समोर ती ८०७ मीटर लांबीची काळसर भिंत, तिच्यामागे शिवाजीसागर. या पाण्याची गंमत अशी, की ते नदीच्या वाटेने पूर्वेला न जाता बोगद्यांतून पश्चिमेला वळवलेले आहे. सह्याद्रीच्या पोटातून ते कोकणाच्या बाजूला खोल खाली कोसळते आणि पोफळीला डोंगर पोखरून केलेल्या वीजघरात जनित्रे फिरवते. १९६२ पासून तिथे वीज निघते आहे. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. महाराष्ट्रातल्या किती घरांत दिवाळीचे आकाशकंदील या पाण्यावर लागले असतील, कोण सांगणार!

आणि आमच्या गाडीत बारा व्होल्टही नव्हते.

बागेपाशी दोन तास गेले आणि आता टक्सुद्धा वाजेना. बॉनेट तीनदा आपटले. शेवटी सहलीबरोबर आलेल्या दोन मास्तरांनी आणि पाच-सहा मुलांनी धक्का दिला, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन धडधडले. जळक्या रबरासारखा एक वास मात्र गाडीत भरून राहिला. सौ. म्हणाल्या, “अहो, काहीतरी जळतंय.” मी म्हणालो, “बाहेर कोणीतरी टायर जाळत असेल.” नवऱ्यांनी द्यावयाच्या उत्तरांत हे उत्तर फार जुने आहे.

हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर पोचलो, तेव्हा सूर्य कोकणात उतरला होता. एरवी मी तिथे पाच मिनिटे थांबलो असतो. खाली एकामागे एक निळ्या होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा, आणि त्यापलीकडे समुद्र असावा असा नुसता भास. पण इंजिन बंद करण्याची छाती नव्हती. दिवे लावून उतरू लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत ते ठीक होते. मग एका खड्ड्यात चाक आदळले आणि दिवे पणतीएवढे झाले. पुन्हा उजळले. पुन्हा आदळलो, पुन्हा पणती. आणि एका आंधळ्या वळणावर, डाव्या हाताला दरी असताना, ते जवळजवळ विझलेच. इंजिनही चुकत चुकत चालू लागले. मी ब्रेक दाबला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. मागून ट्रकांचे कर्णे वाजत होते.

त्या दोन मिनिटांविषयी मला विनोदाने लिहिता येत नाही. मागच्या बाकावर माझी आई आणि मुलगी होती, आणि मागून येणाऱ्या कोणाला आमची गाडी दिसेल याची मला खात्री नव्हती. कन्येने मोबाइलचा उजेड मागच्या काचेला धरला. एक ट्रक आमच्या मागे येऊन थांबला. ड्रायव्हर उतरून आला, आत डोकावला, आजीबाईंना पाहिले आणि म्हणाला, “दादा, बंद करू नका. मी पुढं जातो, माझ्या मागं मागं या. पोफळीपर्यंत सोडतो.” त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर लावून मी सगळा घाट उतरलो. ज्या डोंगराच्या पोटात नुसत्या पोफळीलाच सहाशे मेगावॅट वीज तयार होते, त्याच्या अंगावरून मी काळोखात चाचपडत चाललो होतो. खाली पोचल्यावर आभार मानायला हात बाहेर काढला, तोवर ट्रक पुढे निघून गेला होता.

पोफळीपासून पुढे रस्त्यावर दिव्यांची आणि वाहनांची सोबत मिळाली. कसेबसे चिपळूण गाठले आणि रात्र एका लॉजमध्ये काढली. सकाळी लोकांनी बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे एका वृद्ध मिस्त्रींचे दुकान दाखवले. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक बाक आणि भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर मातकट रंगाची एक आडवी रेघ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी तिथवर चढले होते. कोयनेची वीज करून सुटलेले पाणी ज्या वाशिष्ठीतून समुद्राला जाते, तीच ही नदी. त्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांच्या हिरव्या पडलेल्या तारा दुरुस्त करण्यात मिस्त्रींचे दीड वर्ष गेले होते.

मी त्यांना बॅटऱ्यांची हकीकत सांगू लागलो. त्यांनी ती ऐकून घेतली आणि बॅटरीकडे न बघता विचारले, “साहेब, गाडी स्टार्ट करताना चोकची तार गरम होते काय?”

मी गोंधळलो. पण सौ. पटकन म्हणाल्या, “अहो, तो वास!” मिस्त्रींनी मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः चोकच्या तारेवर बोट ठेवले. मग माझे बोट ठेवले. तार चटका बसेल इतकी तापली होती.

त्यांनी जे सांगितले ते असे. वीज बॅटरीतून लाल तारेने जाते हे सर्वांना ठाऊक असते. पण तिला परत यावेही लागते, आणि मोटारीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडच. इंजिन रबरांवर बसवलेले असते, म्हणून ते आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी लावतात. तिला मिस्त्री लोक ‘अर्थिंग’ म्हणतात. स्टार्टर शंभराहून अधिक अँपियर ओढतो. अर्थिंग सुटले, तर तेवढी वीज मिळेल त्या वाटेने परतायला बघते, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत गेलेली लोखंडाची दुसरी वस्तू म्हणजे बिचारी चोकची तार. “जाणारी वाट सगळे बघतात. येणारी कोण बघत नाही,” मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी मीटर काढला. त्याची काळी सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर, लाल सुई इंजिनच्या उघड्या लोखंडावर. किल्ली फिरवताच आकडा चार व्होल्टच्या वर गेला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. म्हणजे बारांतले चार वाटेतच खर्च होत होते. खाली वाकून त्यांनी पट्टी ओढली, ती हातातच आली. अर्ध्याहून अधिक तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या चूर्णात. आणि जिथे ती बॉडीला जोडलेली होती तिथे तिच्याखाली छानदार दुधी रंग! चार वर्षांपूर्वी गाडी रंगवून घेतली, तेव्हा त्या जागेवरही फवारा मारून वर पट्टी आवळली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी जाई तेवढ्यावर गाडी चालली होती. बॉनेट आपटले की तुटके तंतू एकमेकांना टेकत आणि गाडी सुरू होई. खड्ड्यात आदळली की सुटत, आणि अल्टरनेटर एकीकडे, दिवे दुसरीकडे. माझ्या बॉनेट आपटण्यात काही विद्या आहे, असे मला उगाच वाटत आले होते.

जागा कानशीने पांढरी केली, नवी जाड पट्टी लावली, वर व्हॅसलीन फासले. मीटर आता शून्य पूर्णांक दोन दाखवू लागला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आले. मी पाकीट काढले, तर मिस्त्री हात पुसत म्हणाले, “हा एक आजार झाला. उभ्या गाडीत बॅटरी उतरते म्हणालात ना? ते याच्याने होत नाही. वाट तुटली तर पाणी गळणार कसं? तो गळणारा नळ वेगळा आहे, आणि आत्ता तो बंद आहे.” खरोखरच त्यांच्या मीटरवर उभ्या गाडीचा खर्च शून्य येत होता. त्यांनी मला बाजारातून एक स्वस्तातला मीटर घ्यायला सांगितला, तो कसा लावायचा ते दोनदा करून दाखवले, आणि आईला म्हणाले, “अम्मा, गाडी चांगली आहे. मुलगा शिकेल.”

गुहागरला पोचलो. एकच लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, घरामागे सुरूचे बन आणि पलीकडे तो न संपणारा रिकामा किनारा. किनाऱ्याच्या उत्तरेला अंजनवेलचा वीजप्रकल्प आहे. १९९९ साली सुरू झाला, २००१ साली बंद पडला, २००६ साली पुन्हा चालू झाला. हे ऐकल्यावर माझ्या गाडीविषयी मला थोडे कमी वाईट वाटले. व्याडेश्वराला नारळ वाढवला, दुर्गादेवीचे दर्शन झाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उतरलेली! मीटर ११.४ व्होल्ट दाखवत होता. भरलेल्या बॅटरीला साडेबाराच्या वर असायला हवेत. बाराच्या खाली गेली म्हणजे तिच्यात विशेष काही उरले नाही.

बॅटरी बाजारात रात्रभर चार्ज करून आणली. मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे काळी तार काढली आणि तार व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मीटर लावला. दहा अँपियरच्या भोकात सुई, किल्ली बंद, दारे बंद. आणि काही झाले तरी या अवस्थेत स्टार्टर फिरवायचा नाही, नाहीतर मीटरचा धूर. आकडा आला ०.००. हल्लीच्या गाड्यांत घड्याळे, कुलपे, संगणक झोपेतही थोडी वीज पीत असतात. तीस-पन्नास मिलिअँपियर त्यांना माफ. आमच्या गाडीत झोपेत पिणारे कोणी नाही, म्हणून तिला शून्यच हवे. ते होते. मग बॅटरी उतरली कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मीटर लावला. ०.४१!

हिशेब केला. दिवसाला जवळजवळ दहा अँपियर-तास. आमची बॅटरी पस्तीसची. तीन दिवसांत कारभार आटोपणारच. एकेक फ्यूज काढू लागलो. ज्याच्या काढण्याने आकडा पडेल, त्या वाटेवर चोर. सगळे फ्यूज काढून झाले, आकडा ढिम्म. मी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, “मग तो फ्यूजच्या घरातून जातच नाही. बॅटरीवरून परभारे काढलेली वायर शोधा. कंपनीची नसेल, तुमच्या घरातल्याच कोणीतरी टाकली असेल.”

बॅटरीच्या लाल टोकाच्या मागे, सगळ्या जाड तारांच्या आड, एक बारीक पिवळी वायर होती. घरातल्या घंटेला वापरतात तसली. ती सोडवताच मीटर शून्यावर आला. कन्या आणि मी तिचा माग काढत निघालो. पायपुसण्याखालून, दाराच्या पट्टीखालून, मागच्या बाकाखालून ती डिकीत गेली. तिथे झाकणाच्या कडेला एक पिटुकला दिवा आणि एक दाबकळ. झाकण उघडले की दिवा लागतो हे मला माहीत होते. बंद केल्यावर तो विझतो हे मी गृहीत धरले होते, जसे आपण फ्रिजच्या बाबतीत धरतो. कन्येने वायर पुन्हा जोडली, मोबाइल चित्रणाला लावून डिकीत ठेवला आणि झाकण हलकेच लावले. काढून बघतो तो आत लख्ख उजेड! पुन्हा मोबाइल ठेवून झाकण आपटले, अंधार. दाबकळीची स्प्रिंग थकली होती, झाकणाचे रबर फुगले होते. झाकण जोरात बसले तर कळ दबे, हलकेच लावले तर नाही. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर किती अँपियर ओढील ते आता वाचकांनीच मोजावे.

आणि आमच्या घरात डिकी हलक्या हाताने लावणारे माणूस एकच. त्या सकाळी पूजेची पिशवी काढायला डिकी तिनेच उघडली होती.

आई ओटीवर बसून आमचा उद्योग बघत होती. पिवळी वायर दिसताच ती उठून आली. “ही त्यांनी घातली,” ती म्हणाली. “तू लहान होतास, झोपला होतास. कुंभार्लीतच रात्री पंक्चर झालं. डिकीत जॅक सापडेना. काड्यापेटीतल्या सगळ्या काड्या संपल्या. मी फार घाबरले होते. घरी गेल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी दिवसभर खपून हा दिवा बसवला. घंटेची वायर उरली होती.” थोडे थांबून ती म्हणाली, “दार आपटलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणून मी हळू लावते.”

दुपारी मी बाजारातून एक छोटा फ्यूज आणून पिवळ्या वायरीत बॅटरीपाशी घातला. चाळीस वर्षे ती उघडी वायर बाकाखालून बिनफ्यूजची जात होती. कुठे घासून लोखंडाला टेकली असती तर काय झाले असते, हा विचार मी आईपुढे बोललो नाही. दाबकळीखाली दोन वॉशर घालून ती वर उचलली. मोबाइल पुन्हा आत ठेवला. झाकण कसेही लावा, अंधार. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन मी त्या खरेदीदार गृहस्थांना फोन केला. ते भले होते. म्हणाले, “मला वाटलंच होतं.”

सहाव्या दिवशी परत निघालो. कुंभार्ली दिवसाउजेडी चढलो, तरी मी दिवे लावून ठेवले होते. कोयनानगरला थांबून चहा घेतला, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली. २०२३ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण झाले. तपासणीच्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्यांनी डिकी उघडायला सांगितली, तेव्हा आई बरोबर होती. त्यांचे बघून झाल्यावर झाकण तिनेच लावले, आणि ते अशा जोराने लावले, की दोन ओळी पलीकडचा रिक्षावाला मागे वळून बघू लागला.